फौजदाराची तुंबलेली लाईन

माणूस गेला की त्याच्या बोक्याचं काय करायचं असतं? दादा गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, तेव्हा मी हे मोठ्यानं विचारलं होतं. आत्या रडायची थांबली, मामांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि कोणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. उत्तर आजतागायत कोणी दिलेलं नाही.

बोक्याचं नाव फौजदार. मिशा तशाच, स्वभाव त्याहून वाईट. दादाच्या खांद्यावर बसून तो पेपर वाचायचा. (मी सातवीतच शाळा सोडली, त्यामुळे घरात माझ्यापेक्षा तोच जास्त वाचलेला.) वहिनी एकट्या पडल्या म्हणून मी एक छोटासा निर्णय घेतला: माझी भाड्याची खोली तशीच ठेवून काही दिवस त्यांच्या हॉलमध्ये मुक्काम टाकायचा आणि घराला जरा वळण लावायचं.

मी प्लंबर आहे. दुःख झालं की माणसं रडतात, मी पाना उचलतो. त्यांच्या बेसिनचा नळ कित्येक वर्षं ठिबकत होता. दादा मला हात लावू द्यायचा नाही. "राहू दे रे, तुझ्या बापाचं काय जातंय?" म्हणायचा. (बाप त्याचाही तोच.) आता अडवायला कोणी नव्हतं. वॉशर बदलला, ठिबक बंद. मग फौजदाराचा शी-शूचा रेतीचा ट्रे दिवाणाखालून ओढला, फिनेलनं धुतला आणि बाल्कनीत नेऊन ठेवला. फौजदार झोपायचा त्या दिवाणावर माझी गादी टाकली. घर कसं लख्ख झालं! पण शाबासकी? नाव नको. फौजदारानं तर पाठच फिरवली.

मग तो भलत्या ठिकाणी बसू लागला. मोरीत, पायपुसण्यावर, शेवटी दादाच्या इस्त्रीच्या शर्टावर. बसायचा, कुंथायचा, ओरडायचा, आणि खाली थेंबभर.

"ह्यांची आठवण येते हो त्याला," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "आठवण मलाही येते! मी बसतोय का कोणाच्या शर्टावर?"

माझ्या मते त्याला बद्धकोष्ठ झालं होतं. मी चमच्यात एरंडेल घेतलं. अर्धं त्यानं माझ्या डोळ्यात उडवलं, उरलेलं मी ओरडायला तोंड उघडलं तेव्हा आत गेलं. त्या संध्याकाळी घरात एकाचं पोट साफ झालं, पण ते बोक्याचं नव्हतं.

सकाळी तो ओकला आणि कोपऱ्यात पडून राहिला. वहिनींनी पोटाला हात लावला तर किंचाळला.

"भाऊजी, आता हाही गेला तर..." त्या म्हणाल्या.

मी हत्यारांची पिशवी जमिनीवर रिकामी केली, फौजदाराला आत घातलं आणि धावत सुटलो. मागून वहिनी.

जनावरांच्या डॉक्टर बाईंनी पोट चाचपलं. "मूत्राशय दगडासारखं टणक झालंय. लघवीची वाटच बंद आहे. बोक्यांची नळी बारीक असते, रेतीसारखे कण साचून बूच बसतं. अजून थांबला असतात तर हातचा गेला असता."

"म्हणजे लाईन चोकअप!" मला एकदम धीर आला. "मॅडम, मी रोज हेच काम करतो. किती इंची आहे?"

"तुम्ही बाहेर बसा."

बसलो. चोकअप म्हटल्यावर मला बाहेर बसवणारी ही पहिलीच बाई! बऱ्याच वेळानं त्या हात पुसत आल्या. "भूल देऊन नळी घातली. वाट मोकळी झाली, सलाईन चालू आहे. आता सांगा, हा पाणी कुठे पितो?"

"बेसिनच्या ठिबकणाऱ्या नळाला," वहिनी म्हणाल्या. "वाडग्याला तोंडही लावत नाही."

"नळ अजून ठिबकतो?"

"छे!" मी छाती पुढे काढली. "मी दुरुस्त केला!"

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे.

"त्याचा ट्रे?"

"बाल्कनीत. मीच हलवला. फिनेल लावून..."

"झोपायची जागा?"

"दिवाण. त्यावर हल्ली... मी असतो."

"हे एकाच कारणानं होत नाही," त्या जरा मवाळपणे म्हणाल्या. "पण पाणी कमी पडलं, त्यात ताण. यांना बदल सोसत नाहीत. घरात आणखी काही बदललं का?"

"माझा भाऊ गेला!" मी ओरडलोच. "बोक्याला ताण, बोक्याला सलाईन, बोक्याला गोंजारायला दोन-दोन बायका! आणि माझा भाऊ गेला, तर मला कोणी एका शब्दानं विचारलं का, की बाबा रे, तुला तरी लघवीला साफ होते का?"

शेजारच्या बाकावरच्या पॉमेरेनियन कुत्र्यानं कान टवकारले.

"होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"होते," मी म्हणालो, आणि हमसून हमसून रडलो. (दादा गेल्यावर पहिल्यांदाच. तेही एका अनोळखी पॉमेरेनियनसमोर.)

फौजदार घरी आला तो डॉक्टरांचे हुकूम घेऊनच: ओलं खाणं, भरपूर पाणी, घर होतं तसं करा, आणि लघवी झाली की लगेच कळवा. मी झिजलेला वॉशर शोधून परत बसवला. (जन्मात पहिल्यांदा नळ गळका करून दिला.) ट्रे दिवाणाखाली सरकवला. तरी साहेब कपाटावरून उतरेनात. वहिनी तोंडानं काही बोलत नव्हत्या, पण हॉलमध्ये पूर्वीसारखी न झालेली एकच वस्तू उरली होती, आणि ती दिवाणावर पाय पसरून बसली होती.

"जातो मी माझ्या खोलीवर," मी उठलो.

"अहो भाऊजी, असं कुठे म्हटलं मी?"

"म्हणायला कशाला हवं? जिवाचं रान करावं आणि आपणच रोग निघावं!" पाना घेतला, टॉवेल घेतला. गादी दुसऱ्या खेपेला नेईन म्हटलं.

खोलीचं कुलूप काढतोय तोच फोन आला. वहिनी हसत होत्या. कित्येक दिवसांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

"भाऊजी, केली! चांगली भरपूर केली!"

"ट्रेमध्ये?"

पलीकडे बराच वेळ नुसतं हसणं. "तुमच्या गादीवर. आणि आता उरलेल्या कोरड्या कोपऱ्यावर घोरतोय."

चार शिव्या ओठांवर आल्या होत्या. पण वहिनींचं हसू अजून थांबलं नव्हतं.

"त्यालाच राहू द्या ती गादी," मी म्हणालो, फोन ठेवला आणि उघड्या फरशीवर चादर अंथरली.