पास्कूभाऊंचा एकांत

आमचे पास्कूभाऊ शुक्रवारी मौन पाळतात, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे गेलेल्याचे कान दिवसभर दुखतात. तोंड बंद असतं हो, पण हात? भूक लागली की पटाशीने ताटली वाजवतात. पाहुण्याने बसावं असं वाटलं की स्टूल आपटतात. पाहुण्याने निघावं असं वाटलं की तेच स्टूल आणखी जोरात आपटतात.

पास्कूभाऊ सुतार. मूळचे वसईचे ख्रिस्ती, पण उभा जन्म उल्हासनगरात, कॅम्प तीनला आमच्या समोरच्या खोलीत गेला. मी घरी बसून जीन्सचे धागे कापायची आणि समोर त्यांचा रंधा चालायचा. त्यांची बायको, मेरीवहिनी, न्हाणीत पडून गेली. मूलबाळ नाही.

त्यानंतर एका रविवारी फादरनी प्रवचनात कुठल्या तरी जुन्या काळातल्या कारागिराची गोष्ट सांगितली. तो म्हणे भरला धंदा सोडून रानात जाऊन राहिला. एकटा. भाकरतुकडा आणि प्रार्थना, बस्स. बाकीची मंडळी मिस्सा आटोपून मटणाच्या रांगेत उभी राहिली, आणि हे घरी येऊन हत्यारं बांधायला बसले.

"वहिनी, मी चाललो एकांतात."

"कुठे?"

"चामटोलीला."

"अहो, लोक संन्यास घ्यायला हिमालयात जातात. तुम्ही बदलापूरहून रिक्षा करून जाणार?"

"हिमालयात तुम्ही डबा आणणार का?"

घ्या! म्हणजे संन्यास यांनी घेतला आणि दर आठवड्याची खेप माझ्या डोक्यावर.

ओळखीच्या शेतकऱ्याने बांधाकडेला जागा दिली, तिथे यांनी स्वतःच्या हाताने खोली उभी केली. एकांत कसला? महिन्याभरात अख्ख्या चामटोलीला कळलं की सुतार आलाय. कुणाचा पाट डगमगतोय, कुणाचा पाळणा करकरतोय. हे आतून खेकसतात, "मी जगातून उठलोय! दुपारी या!" बाई दुपारी आली की पोळपाट उलटासुलटा करून म्हणतात, "कुठल्या गाढवाने केला हा?" आणि दुरुस्त करून देतात.

हसायला ठीक आहे, पण माझा जीव टांगणीला. माणसाला शुगर. रानात साप. मोबाइल देऊन टाकलेला, का तर फादरच्या गोष्टीतल्या त्या संताकडे नव्हता. मी म्हटलं, "त्या संताला शुगर होती का?" आमच्या घरात मिस्टर म्हणायचे, "तो सुखात आहे, तू का मरतेस?" मला आपलं एकच डोळ्यांसमोर यायचं, की हा माणूस एक दिवस तिथे पडून राहील आणि कुणाला पत्ता लागायचा नाही.

त्यात मागच्या खेपेला पाहिलं तर दाराला आतून कडीच नाही! सुताराच्या घराला! विचारलं तर म्हणाले, "बघू." आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. शेवटी बाजारातून चांगली जाडजूड कडी घेतली, डबा भरला आणि निघाले. शुक्रवार आहे हे डोक्यातच नाही.

दारात उभी राहून हाक मारली, "पास्कूभाऊ!" उत्तर नाही. मग वार आठवला. बरं, तोंड बंद, पण स्टूल? ताटली? काहीच वाजेना. पुन्हा ओरडले. डोळे मिटून दारावर अंग टाकलं, तर ते सताड उघडलं आणि मी डब्यासकट आत आडवी.

समोर पास्कूभाऊ क्रूसापुढे गुडघे टेकून बसलेले. धडधाकट! डोळे फाडून माझ्याकडे बघतायत.

मला आधी रडू आलं, मग राग. कडी त्यांच्यापुढे आपटली. "आत्ताच्या आत्ता बसवा!" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "मग मीच बसवते," आणि पेचकस उचलून दाराशी गेले. त्यांनी उठून तो माझ्या हातातून काढून घेतला.

"नको, वहिनी."

शुक्रवारी बोलले.

"मेरी न्हाणीत पडली ना, तेव्हा तुम्ही माहेरी, बदलापूर गावात होतात. दार फोडावं लागलं, ते तुम्हाला कळलं. पण ती आधी बोलत होती वहिनी. आतून 'पास्कू, पास्कू' करत होती. मी इकडून म्हणतोय, कडी काढ गं. तिला उठताच येईना. कडी माझ्या हातची, लांब स्क्रू मारलेली. मलाच हलवता आली नाही. दार तुटेपर्यंत तिचा आवाज थांबला होता."

मी खाली पडलेली कडी उचलून बाजूला ठेवली.

"चोर येऊ दे नाहीतर साप," ते म्हणाले. "मला काही झालं तर तुम्हाला आत येता आलं पाहिजे. आत्ता आलात तसं."

हा माणूस जगातून उठला होता म्हणे! मला भडभडून आलं. पण बोलल्याशिवाय राहवेना.

"आणि मघाशी मी बाहेर उभी होते, भाऊ. हाका मारत होते. आतून उत्तर आलं नाही की बाहेरच्याचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगू?"

ते मटकन खाली बसले.

"चुकलं," म्हणाले. मग डोळे पुसले आणि दाराकडे बोट दाखवलं. "जा बाहेर. मारा हाक."

"आता?"

"जा हो."

मी बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि हाक मारली, "पास्कूभाऊ!"

"ओ!" आतून लगेच आवाज आला.