महिपतदादांची बिनचावीची डिकी

शेणव्याच्या महिपतदादांनी मोटारसायकलच्या डिकीला बिनचावीचं कुलूप बसवायचं ठरवलं ते संतापाच्या भरात. आणि संताप का येऊ नये? तुम्हीच सांगा! माणूस रोज शेणव्याहून धसईच्या भातगिरणीत कारकुनीला जातो, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. पण गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं की दादांची डिकी म्हणजे एसटीचं पार्सल ऑफिस. चावी मागून मागून लोकांनी जीव नको केला, म्हणून दादांनी ती कुलपालाच लटकवून ठेवली, आणि मग तर कुणाला धरबंधच राहिला नाही. लेकीकडे पाठवायचे पापड, सासऱ्याची औषधं, अंगठा तुटलेली चप्पल, सुके बोंबील. एकदा तर गिरणीच्या पावत्यांवर चक्क कोंबडी बसलेली निघाली. (तिने अंडं घातलं होतं. ते मागायलाही माणूस आला.)

"डिकी माझी हाय का गावाची?" दादा ओट्यावर उभे राहून ओरडले.

"तुमचीच की," शेजारचा अनंता म्हणाला. त्याचं फाट्यावर चहाचं दुकान. "गावाची असती तर आमी वर्गणी नसती काढली?"

दादा सरळ शहापूरला गेले आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून नंबरचं कुलूप बसवून आले. तीन गोल चकत्या, त्यावर आकडे. आपला नंबर जुळवायचा, टिचकी मारायची, की डिकी उघडली. चावी नको, शोधाशोध नको, कुणाचं तोंड बघायला नको. नंबर ठेवताना दादांनी दुकानदारालाही पाठ फिरवायला लावली. विसरायला नको म्हणून गाडीच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे ठेवले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन गाडीला किक मारली.

आणि काय सांगावं, दुसऱ्या दिवसापासून चमत्कार! दुपारी जेवायला डिकी उघडावी, तर आत स्वतःचा डबा आणि स्वतःची छत्री. दुसरं चिटपाखरू नाही. फक्त सकाळी गाडी डावीकडे ओढायची आणि डब्याला बोंबलाचा वास यायचा. पहिल्या गोष्टीबद्दल दादा मेकॅनिकला बोलले आणि दुसऱ्या गोष्टीबद्दल बायकोला, सकुबाईंना. सकुबाईंनी नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं. (इथेच दादांना संशय यायला हवा होता. सकुबाई कधी ऐकून घेत नसत.)

अशात मुलाचं, शेखरचं, लग्न ठरलं. मुलगी धसईची, भूमिका. साखरपुड्याच्या दिवशी सगळी मंडळी जीपने निघाली, पण अंगठी, साडी आणि पेढे दादांनी जीपमध्ये ठेवू दिले नाहीत.

"पंधरा माणसं कोंबलीत त्या जीपमधी! कोण कुठं बसंल, कशावर बसंल, काय भरोसा? ऐवज माझ्या डिकीतच जाईल."

दादा पुढे निघाले. फाट्यावर अनंताने हाक मारली, "दादा, वरबाप आज! चहा घेतल्याबिगर जायाचा नाय." दुकानात दोन परकी माणसं बसली होती, सरळगावकडची. दादांना राहवतंय होय! चहाची बशी तोंडाला लावून त्यांनी कुलुपाची सगळी कहाणी सांगितली. "आणि नंबरची पण कटकट नाय. गाडीचाच ठेवलाय. आपण काय खुळे हाय काय?" गाडी पाठीमागे उभी होती. चहा संपल्यावर दादा निघाले. अंगठीच्या काळजीने त्यांनी गाडी इतकी हळू हाकली, की मागून आलेली जीप पुढे निघून गेली आणि जीपमधल्या पोरांनी वर हात हलवले.

धसईत मांडव भरलेला. भटजी घाई करत होते. दादा नवी टोपी सावरत डिकीपाशी गेले, आकडे जुळवले, टिचकी मारली. डिकी ढिम्म! पुन्हा जुळवले. पुन्हा ढिम्म. नंबरप्लेट पुसून पाहिली, चष्मा पुसून पाहिला. मग डिकीला दोन गुद्दे घातले, ते मात्र त्यांच्याच हाताला लागले.

मुलीचे मामा देवजी खुर्चीवरून बघत होते. हा माणूस आधीच नाखूश. त्याच्या मनात भाचीसाठी मुरबाडचं स्थळ होतं.

"काय व्याही, डिकी उघडत नाय, का आत कायच नाय?"

"काय नाय म्हणजे? अंगठी हाय! साडी हाय!"

"तर मग दिसू द्या. मुहूर्त टळला तर आमी नाय थांबायचो. रिकाम्या हातानं आलेल्यांना पोरगी द्यायला ती काय रस्त्यावर पडलीय?"

दादांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. कोपऱ्यात शेखर रडवेला झाला होता. दादा गरजले, "हातोडा आणा! फोडून टाकतो!"

हातोडा आला, दादांनी तो उगारलासुद्धा, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सकुबाई आणि विहीणबाई देवकी धावत आल्या.

"अवो, थांबा! फोडताय काय? नंबर बदललाय!" सकुबाई म्हणाल्या.

"कुणी?"

"अनंतानं. तुमी फाट्यावर त्या परक्या माणसांना नंबर सांगत व्हतात ना? आत अंगठी! त्याला घोर लागला. तुमी चहा पीत व्हतात तवा बदलला, नि आमची जीप थांबवून सांगितला."

"पण त्यानं डिकी उघडली कशी?"

देवकीबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "व्याहीबुवा, राग नका मानू. पयला नंबर तर पाटीवरच लिवलाय. माझी बहीण चंदा शेणव्यालाच दिलीय. ती तुमच्या डिकीतून बोंबील पाठवते. गिरणीभायेर गाडी लागली की मी काढून घेते."

दादा मटकन पायरीवर बसले. "नवा नंबर किती जणांना ठाऊक हाय?"

जीपमधून आलेली पंधराही माणसं छताकडे बघू लागली. देवकीबाईंच्या मागच्या चार बायकाही बघू लागल्या.

"अख्ख्या दुनियेला ठाऊक! फकस्त मालकाला नाय? मलाच का नाय सांगितला?"

"मी सांगणार व्हते," सकुबाई हळूच म्हणाल्या. "पण समदी म्हणाली, दादांना नको. भायेर फुटंल."

भटजींनी घड्याळ दाखवलं. देवजीमामा उठून उभे राहिले. शेखरने बापाकडे असं पाहिलं, की दादांनी हातोडा बाजूला ठेवला.

"उघडा मग!" ते म्हणाले. "कुणीतरी उघडा!"

देवकीबाई डिकीपाशी गेल्या, आकड्यांवर बोट ठेवलं आणि थांबल्या.

"व्याहीबुवा, जरा तिकडं तोंड करता?"

कडक इस्त्रीचा सदरा घातलेला वरबाप भर मांडवात गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाठीमागे चकत्या फिरल्याचा आवाज आला, टिचकी वाजली आणि बायकांनी साडी बघून "अगो बाई!" केलं. देवजीमामा अगदी डिकीला खेटून, वाकून बघत होते. त्यांना कुणीही तोंड फिरवायला सांगितलं नाही.