डिस्क निवडताना घ्यावयाची काळजी

खरेदीसाहेबांच्या घरातल्या गेमिंग कॉम्प्युटरची हार्ड डिस्क एका मंगळवारी सकाळी निकामी झाली. आधी कटकट आवाज आला, मग शांतता पसरली, मग पडदा काळा झाला. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि बिघाड झाल्याचं तत्त्वतः मान्य केलं.

एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागाचे ते प्रमुख, म्हणून सगळे त्यांना खरेदीसाहेब म्हणत. त्यांच्या कारकिर्दीत विभागाने एकही चुकीची वस्तू विकत घेतली नव्हती. बरोबर वस्तूही फारशा घेतल्या नव्हत्या, पण त्याबद्दल कुणी कधी ठपका ठेवला नव्हता. उन्हाळ्यात पंखा बंद पडला की कोणता पंखा घ्यावा यावर इतका सखोल विचार होई, की तोवर थंडी पडे आणि विषय आपोआप निकाली निघे.

कॉम्प्युटर साहेबांचा आणि त्यांच्या लेकीचा, ठकीचा. दोघं मिळून एका गळक्या जहाजाचा खेळ खेळत. ठकी वर सुकाणू धरायची, साहेब खाली इंजिनाच्या खोलीत. ती ओरडायची, "बाबा, वाफ!" आणि साधी टाचणीसुद्धा तीन मतं घेतल्याशिवाय न घेणारा हा माणूस क्षणाचाही विचार न करता दांडा ओढायचा. असा बिनविचाराने आनंद मिळण्याची त्यांच्या आयुष्यात तेवढीच एक जागा होती. आता फक्त शेवटचं बंदर गाठायचं राहिलं होतं. ठकीला परगावी नोकरी लागली होती आणि महिनाअखेरीस ती जाणार होती.

"बाबा, येताना डिस्क आणा ना," ती म्हणाली. "कुठलीही चालेल."

'कुठलीही' हा शब्द साहेबांच्या जिव्हारी लागला. आपल्या पोटच्या पोरीने असं बोलावं!

दुकानदाराने दोन डिस्क समोर ठेवल्या. "ही वेगवान. खेळ चुटकीसरशी उघडतो, पण जागा कमी. ही मोठी. वाट्टेल तेवढे खेळ मावतात, पण उघडायला वेळ लागतो. किंमत सारखीच."

"यातली चांगली कोणती?"

"तुम्हाला काय करायचंय त्यावर आहे."

"काय करायचंय ते नंतर बघू. चांगली कोणती?"

दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विभागात सहज विषय काढला, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. तरुण मंडळी वेगाच्या बाजूने उभी राहिली. जुनी मंडळी जागेच्या. "आपण इतकी वर्षं या खात्यात आहोत," बडे कारकून म्हणाले, "वेगाने कुणाचं भलं झालेलं पाहिलंय का? जागा असली की माणूस निर्धास्त असतो." यावर एका तरुणाने, तुम्ही जागा अडवूनच बसला आहात, असं सुनावलं. त्या दुपारपासून दोन्ही पक्ष वेगवेगळ्या टेबलांवर डबे खाऊ लागले. साहेबांनी दोन्हींचा समन्वय साधण्यासाठी एक छोटी समिती नेमली. समितीला बसायला खुर्च्या कमी पडल्या, म्हणून खुर्च्यांच्या जुन्या प्रस्तावाला पुन्हा चालना मिळाली.

घरी ठकीच्या आईने भाजी चिरता चिरता तोडगा काढला. "अहो, दोन्ही आणा. खेळायचं ते वेगवान डिस्कवर ठेवा, बाकीचा पसारा मोठीवर. रोजची भांडी मी ओट्यावर ठेवते आणि उरलेली माळ्यावर, तसंच."

"दोन्ही घेणं म्हणजे निवड टाळणं," साहेब दुखावून म्हणाले. "उद्या कुणी विचारलं तर काय उत्तर देऊ?"

"कोण विचारणार आहे?"

"तेच म्हणतोय मी. पण विचारलंच तर?"

मग मेहुणे आले. त्यांना सगळ्यातलं सगळं कळत असे. "भावोजी, आत्ता घेणारा फसला म्हणून समजा. पुढच्या महिन्यात नवीन येतायत. त्याच्या पुढच्या महिन्यात त्याहून नवीन. मी तर कॉलेजपासून थांबलोय." साहेबांनी त्यांच्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

सुरुवातीला ठकी रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "आणली?" पुढे ती "ठरलं का?" असं विचारू लागली. पुढे तिने विचारणंच सोडलं आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली. एकदा बॅगेची चेन ओढताना म्हणाली, "बाबा, नाही जमलं तरी चालेल हं." साहेबांना मुदतवाढ मिळाल्यासारखं हायसं वाटलं.

महिनाअखेरीस समितीत एकमत झालं. साहेब खरोखर धावत दुकानात गेले, डिस्क घेतली आणि जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढून घरी आले. दार ठकीच्या आईने उघडलं. "सकाळी तिने सांगितलं होतं ना, गाडी दुपारची आहे म्हणून?" एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

साहेबांनी डिस्क बसवली. खेळ त्यात पुन्हा भरला आणि उघडला. ठकीने आपला कंट्रोलर वायर नीट गुंडाळून खुर्चीवर ठेवला होता. पडद्यावर 'दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहोत' अशी अक्षरं आली आणि तशीच राहिली. साहेब इंजिनाच्या खोलीत उभे होते. वाफ वाढत होती, पण वरून कुणी ओरडत नव्हतं, आणि कुणी ओरडल्याशिवाय दांडा ओढणं त्यांना जमेना. जहाज बुडालं.

चार दिवसांनी ठकीचा फोन आला. साहेबांनी अधीरपणे डिस्कची बातमी दिली.

"अरे वा!" ती खुशीत म्हणाली. "बाबा, मीही इथे कॉम्प्युटर घेतेय. मग तुम्ही तिथून, मी इथून. शेवटचं बंदर गाठूच आपण. आजच घेतला असता, पण डिस्क वेगवान घ्यावी की मोठी, तेवढंच ठरत नाहीये. तुम्हीच सांगा ना."

'कुठलीही घे' हे शब्द साहेबांच्या अगदी ओठांवर आले. पण इतक्या वर्षांची शिस्त आडवी आली.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "नीट चौकशी कर."

ही हकीकत आम्ही अनेकांना सांगितली. ते बंदर बापलेकींनी पुढे गाठलं का, हे आजवर एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी, आणि मघापासून आपणही, एकच चौकशी केली: साहेबांनी शेवटी घेतली कोणती?