चुंबकाला फिरायला नेणारे गायकवाड

आमच्या कॉलनीत सकाळी कोणी कुत्र्याला फिरायला नेई, कोणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून स्वतःला. गायकवाड लोहचुंबकाला नेत. जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं बशीएवढं चुंबक, त्याला बांधलेली सुतळी आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला बनियन-लेंग्यातले गायकवाड. फाटकापासून पायरीपर्यंत पंधरा पावलांची खडीची वाट होती, तिच्यावर ही जोडी फेऱ्या मारी. मध्येच थांबून ते चुंबक उचलत, चिकटलेले खिळे आणि टाचण्या चष्म्याजवळ नेऊन बघत आणि पुन्हा चालू लागत.

“मिळाला का नट?” येणारेजाणारे विचारत.

“जाईल कुठं? खडीतच असणार.”

हे सहा वर्षं चाललं. त्यावर सगळ्यात जास्त विनोद मी केले. म्हणूनच आज लिहायला बसलो आहे.

गायकवाड आणि मी अंबरनाथच्या एकाच कारखान्यातले. ते फिटर, मी तपासणी खात्यात. म्हणजे तीस वर्षं त्यांनी वस्तू बनवल्या आणि तीस वर्षं मी त्यांना नावं ठेवली. निवृत्तीनंतर बदलापूरला शेजारी-शेजारी घरं घेतली. बिल्डरने दारापुढे फरशी घालतो म्हणून आधी खडी टाकली, आणि पुढे तो आमच्याइतकाच निवृत्त झाला.

त्या खडीवर गायकवाडांनी एक जुनी मोटार आणून उभी केली. उभी केली म्हणजे तिला दुसरं काही येतच नव्हतं. दोन वर्षं ते तिच्या खाली झोपले. पाठीखाली गोणपाट, तरी खडी टोचायची, आणि हातातून काही निसटलं की ते खडीत गडप व्हायचं. म्हणून रविवारचं काम संपलं की चुंबक फिरवायचं, अशी पद्धत पडली. उल्हासनगरच्या बाजारात सुटे भाग शोधायला मीही सोबत जाई. तिथला सिंधी दुकानदार हातातला जुना भाग उलटापालटा करून म्हणाला होता, “साईं, इस गाडी का पार्ट नहीं, अस्थि मिलेगी.” गायकवाड हसले आणि त्याच्याच दुकानात दोन तास खोकी उपसत बसले.

हा सगळा खटाटोप सुजातासाठी होता. त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यावर त्यांनीच वाढवलेली. लहानपणी तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेताना ते म्हणाले होते, की लग्नाच्या हॉलवर तुला मोटारीतून सोडीन, ती मोटार मी स्वतः चालू केलेली असेल. ती हे विसरली होती. ते नव्हते विसरले.

माझं काम काय, तर खुर्ची टाकून चुका काढणं. घरात मी एकटा, मुलगा परदेशी. चूक काढायला दुसरं माणूस नव्हतं. “साहेब, जरा बघा,” असं गायकवाड म्हणाले की माझी छाती फुगे. त्यांना माझ्या मताची गरज नव्हती हे तेव्हा कळत नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी सुरू झाली. गायकवाडांनी फाटकापर्यंत नेली, मागे आणली, आणि पाहुणे आले म्हणून हात पुसत आत गेले. बॉनेट उघडं होतं. मी एकटा. तपासल्याशिवाय माल बाहेर जाऊ देणं माझ्या रक्तात नव्हतं. मी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. तिच्याखाली अंगठ्याएवढा रोटर असतो, काळा, वर पितळेची पट्टी. तो नसेल तर इंजिनाला ठिणगी मिळत नाही. पट्टीवर जरा डाग दिसला, म्हणून पुसायला मी तो काढला. तेवढ्यात सुजाताने आतून हाक मारली, “काका, चहा!” कारखान्यात ट्रेमधला एक नग नमुना म्हणून उचलायचा आणि खिशात टाकायचा, ही तीस वर्षांची सवय. हाताने ते केलं. टोपी परत बसवली आणि चहाला गेलो. चहा चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी कॉलनी त्या खडीवर जमली. झेंडूच्या माळा घातलेली गाडी, मागे सुजाता, पुढे नवा सफारी सूट घातलेले गायकवाड. किल्ली फिरवली. खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. पाच-सहा वेळा. मग ते उतरले, बॉनेट उघडलं, टोपी काढली. क्षणभर आत बघितलं. टोपी लावली. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मीही नवे कपडे घालून उभा होतो, चेहऱ्यावर सहानुभूती.

“एखादा नट खडीत पडला असणार,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “चूक माझीच.”

सुजाता म्हणाली, “राहू दे ना बाबा.” कोणीतरी रिक्षा आणली. गायकवाडांनी गाडीवरच्या माळा सोडल्या आणि स्वतःच्या हाताने रिक्षाला बांधल्या.

हॉलमध्ये जेवताना मी पंगतीला सांगितलं, “तीस वर्षं फिटर, आणि पोरीच्या लग्नाला एक नट कमी!” लोक ताटावर हसले. ‘एक नट कमी’ हे नाव तिथून चिकटलं. कर्ता मी. संध्याकाळी घरी येऊन खुंटीवरचा कालचा शर्ट धुवायला काढला आणि खिशात रोटर लागला.

उद्या सांगू, म्हटलं. तीन दिवसांत त्यांनी नवा रोटर आणून गाडी चालू केली, तेव्हा वाटलं, आता सांगून काय होणार. मग ते चुंबक घेऊन रोज फिरू लागले. माझ्या गॅलरीतून ती सुतळी दिसायची आणि माझा घास अडायचा. मग तो उतरावा म्हणून मी आणखी एक विनोद करायचो.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. सुजाताने वांगणीला नव्या इमारतीत घर घेतलं होतं, ती त्यांना न्यायला आली. निरोपाच्या चहाला कोणीतरी नटाची गोष्ट काढली. सगळे हसले, सुजाताही हसली, पण बापाकडे न बघता. निघताना गायकवाडांनी चुंबक माझ्या हातात दिलं. “तिथं खडी नाही, साहेब. तुम्ही ठेवा.”

घरी आलो. कपाटाच्या खणातून रोटर काढला आणि उगाच चुंबकाजवळ नेला. चिकटला नाही. उलटा करून धरला. नाही.

पितळ चुंबकाला लागत नाही. हे गायकवाडांना माहीत नसणार? आणि मी, तपासणी खात्यातला, सहा वर्षं गॅलरीतून बघत होतो. ते काही शोधत नव्हतेच. नट खडीत पडला आहे, एवढंच ते रोज सकाळी कॉलनीला दाखवत होते, म्हणजे दुसरा प्रश्न कोणी विचारू नये. कारण त्या बॉनेटखाली हात घालणारे आम्ही दोघंच होतो.

पुढच्या रविवारी वांगणीला गेलो. गायकवाड बाहेरच्या खोलीत पाय लांब करून बसले होते. मी रोटर त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने पट्टी पुसली.

“सापडला का खडीत?” ते म्हणाले. “म्हटलं नव्हतं, जाईल कुठं?”

“खडीत नव्हता, गायकवाड. माझ्या खिशात होता.”

“हळू बोला, साहेब. पोरगी आत आहे.”

सुजाता चहा घेऊन बाहेर आली. मी उभा राहिलो आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, मोठ्याने, ‘एक नट कमी’सकट. ट्रे हातात धरून ती ऐकत राहिली, बापाकडे बघत.

गायकवाड मान खाली घालून त्या स्वच्छ फरशीवर बघत होते, काहीतरी पडल्यासारखं.