वास वर सरकतोय

सासूबाईंनी कुंडी टीपॉयवर ठेवली, हात झटकले आणि जावयाला डोक्यापासून पायापर्यंत असं न्याहाळलं, की दुसरा कुणी असता तर कुंडी उचलून त्यांच्याच हातात दिली असती. पण नाकसाहेबांची सासूबाईंपुढे ब्र काढायची टाप नव्हती.

"हे आफ्रिकेतलं झाड आहे, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "पार दक्षिणेकडच्या माळरानावरचं. स्टॅपेलिया म्हणतात. महिनोन्‌महिने पाऊस नसला तरी ते मजेत असतं. पाणी घालायचं नाही."

"अजिबात?"

"झाडाची ही बोटं सुरकुतली, तर घोटभर. एरवी सकाळचं ऊन दाखवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. थोरल्या जावयांकडे दिलं होतं. त्यांनी रोज पाणी घालून घालून अर्धं कुजवलं. आता काय, तुम्हीच उरलात."

कुंडीत पान म्हणून नव्हतं. नुसती हिरवी, चौकोनी, मखमली बोटं वर आली होती. ती पाहून नाकसाहेबांना फारसं प्रेम वाटलं नाही, पण 'तुम्हीच उरलात' हे मात्र वर्मी लागलं. सासूबाईंच्या दरबारात थोरले जावई म्हणजे सर्वगुणसंपन्न. आजारपण असो, घर बदलणं असो, साडू बाह्या सरसावून हजर. नाकसाहेबांच्या नावावर मात्र एकच गोष्ट जमा होती. सासूबाईंनी हौसेने दिलेला मनीप्लांट त्यांनी मारून दाखवला होता. मनीप्लांट मारणं हे येरागबाळ्याचं काम नाही, पण त्याबद्दल कुणी कौतुक करत नाही.

ऑफिसात हाच माणूस वेगळा होता. गॅस कंपनीच्या तक्रार विभागाचे ते प्रमुख. कुणाकडून वासाची तक्रार आली, की फिटरने मशीन पिशवीतून काढायच्या आत साहेब दारातूनच सांगायचे, "डावा बर्नर. नळी जुनी झालीय." आणि तसंच निघायचं. म्हणून तर सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत. समोर म्हणत आणि साहेबांना ते आवडायचं.

या खेपेला थोरल्याचं नाक खाली करायचंच, असं ठरवून साहेब झाडाच्या मागे लागले. मातीत वाळू आणि बारीक खडी कालवून कुंडी नव्याने भरली. पूर्वेच्या खिडकीत झाडाला जागा करून दिली आणि तिथला बायकोचा मसाल्यांचा डबा हलवला. बायको पेल्यातलं उरलेलं पाणी घेऊन खिडकीकडे वळली, की हे आडवे.

"अहो, एवढंसं तर पाणी. बिचारं तहानलंय."

"तहान हाच त्याचा खुराक आहे. ठेव तो पेला खाली."

"मला असं कधी जपलं नाहीत."

"तू सुरकुतलीस की बघू," साहेब म्हणाले, आणि त्या रात्री त्यांनी स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं.

पण झाडाने पांग फेडले. एका बोटाच्या बुडाशी कळी धरली. ती फुगत फुगत फुग्याएवढी झाली. साहेबांनी फोन केला. सासूबाईंनी 'खरंच?' असं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "रविवारी येते. फूल जपा हं, जावईबापू." त्यांच्या आवाजात इतका गोडवा साहेबांनी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी कळी उमलली. तळहाताहून मोठं, पाच पाकळ्यांचं, फिकट पिवळं फूल. त्यावर तपकिरी लाल रेघा आणि रेशमासारखी लव. साहेबांनी कुंडी खिडकीतून उचलून बैठकीच्या मधोमध टीपॉयवर ठेवली. फुलाला वारा लागू नये म्हणून घराच्या झाडून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

रविवारी सकाळी बायको नाकाला ओढणी लावूनच खोलीबाहेर आली. "अहो, घरात काहीतरी मेलंय."

तिथून जी शोधाशोध सुरू झाली, ती विचारू नका. माळा उपसला. कपाटं भिंतीपासून ओढली. फ्रिज सरकवला, तर त्याचा पाय फरशीत रुतून फरशीचा टवका निघाला. मोरीत साहेब पालथे पडले आणि जाळीला नाक लावून आले. वास काही केल्या हाती लागेना. दमून दोघं बैठकीत टेकले, की फुलाकडे बघायचे.

"तेवढंच डोळ्यांना बरं वाटतं," बायको ओढणीतून म्हणायची.

आता तुम्ही म्हणाल, एवढा नाकवाला माणूस आणि समोरचं कळू नये? पण फुलाला वास असला तर तो चांगलाच असतो, हे त्या नाकाला लहानपणापासून शिकवलेलं. पाइप, गटार, फट, कोपरा, सगळीकडे त्यांनी नाक खुपसलं. फुलाची त्यांनी फक्त धूळ पुसली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर दारात आले. "साहेब, जिन्यात घाण वास येतोय. तुमच्याकडूनच येतोय."

"शोधतोय. दहा मिनिटं द्या."

हेडमास्तरांनी आयुष्यात कुणालाही दहा मिनिटं दिली नव्हती. खाली जाऊन त्यांनी थेट गॅस कंपनीला फोन लावला आणि निश्चिंत मनाने आंघोळीला गेले. लगेच साहेबांचा फोन वाजला. पलीकडे ड्यूटीवरचा फिटर होता.

"साहेब, तुमची सुट्टी आहे माहितीय. पण तुमच्याच बिल्डिंगची तक्रार आहे. काय करायचं?"

काय करायचं ते नियमात स्पष्ट होतं. वास कुठून येतो ते कळत नसेल, तर अख्ख्या इमारतीचा गॅस बंद करायचा आणि राहणाऱ्यांना खाली उतरवायचं. हा नियम गेल्याच वर्षी खुद्द नाकसाहेबांनी लिहिला होता आणि त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता. ते कण्हल्यासारखे म्हणाले, "या."

माणसं अर्धीकच्ची जेवणं तशीच टाकून अंगणात उतरली. हेडमास्तरांच्या गीझरचा गॅस ऐन साबणात गेला, त्यामुळे ते टॉवेल गुंडाळून, एका कानात फेस घेऊन उभे होते. फिटर सगळ्या मजल्यांवरून फिरून आला.

"साहेब, मशीन शून्य दाखवतंय."

"मशीन बिघडलं असेल."

"दुसरं लावून बघितलं. तेही शून्यच."

"मग गच्चीवरचे पाइप बघ," साहेब वैतागून म्हणाले. सासूबाई येण्याची वेळ झाली होती. इमारत अंगणात उभी असली तरी फूल दिमाखात दिसायला हवं, म्हणून ते एकटेच वर घरी गेले.

फुलाच्या मधोमध एक जाडजूड हिरवी माशी बसली होती. शेजारी दुसरी. तिसरी उतरायच्या बेतात होती. त्यांना हाकलायला साहेब खाली वाकले, नेमका तेव्हाच श्वास घेतला, आणि मट्‌कन सोफ्यावर बसले. डोळ्यांत पाणी आलं. वासाने तर आलंच, पण खरं आलं ते लाजेने. सोमवारी ऑफिसात काय तोंड दाखवायचं? नाकसाहेबांनी फुलापायी बिल्डिंग रिकामी केली, हे शिपायापर्यंत जाणार. बरं, फूल कापून फेकावं, तर सासूबाई वाटेत होत्या. उभ्या जन्मात त्यांनी पहिल्यांदा गोड आवाज काढला होता.

साहेबांनी कुंडीवर टॉवेल टाकला, ती पोटाशी धरली आणि मांजराच्या पावलांनी गच्चीकडे निघाले. वरून फिटर उतरत होता. साहेब भिंतीला चिकटले.

"कपडे वाळत घालतो," ते म्हणाले आणि पुढे गेले.

फिटर जिन्यात थबकला. त्याने नाक वर केलं. मग खाली तोंड करून हाळी दिली, "अहो, ऐका! वास वर सरकतोय!"

झालं. अंगणातली सगळी पलटण जिना चढू लागली. पुढे फिटर, मागे टॉवेल सावरत हेडमास्तर, त्यांच्यामागे साहेबांची बायको, आणि या सगळ्यांना कोपराने बाजूला सारत, हातात प्रवासी पिशवी घेतलेल्या सासूबाई. गच्चीच्या कठड्याशी साहेब पाठ करून उभे होते. सासूबाईंनी जाऊन टॉवेल उचलला.

"फुललं," त्या हलकेच म्हणाल्या. मग वाकून त्यांनी खोल श्वास घेतला. "आणि वासही अस्सा आलाय. मेलेल्या उंदराचा. माशा बोलवायला लागतो ना त्याला."

बाकीचे सगळे दोन पावलं मागे सरकले.

"आई, तुला माहीत होतं?" बायकोने विचारलं.

"माझ्याकडे एकदा फुललं होतं की."

"मग देताना सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर ठेवून घेतलं असतं का कुणी?" सासूबाई जावयाकडे वळल्या. त्यांचे डोळे ओले होते. "आणि तुम्ही हा वास सोसलात, जावईबापू? माझं झाड म्हणून?"

हेडमास्तर पुढे सरसावले. "म्हणजे हे साहेबांना ठाऊक होतं? ठाऊक असून आम्हाला खाली उतरवलं?"

साहेबांची पुरती कोंडी झाली. ठाऊक होतं म्हणावं, तर शेजारी कच्चं खातील. ठाऊक नव्हतं म्हणावं, तर सासूबाईंचे डोळे क्षणात कोरडे होतील आणि ऑफिसातलं नाक जाईल ते वेगळंच. त्यांनी फिटरकडे पाहिलं, हेडमास्तरांच्या कानातल्या फेसाकडे पाहिलं, आणि तक्रार विभागाच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाले,

"ही सराव तपासणी होती. वास आला तर इमारत किती वेळात रिकामी होते, ते बघायचं होतं. मास्तर, तुम्ही वेळेवर तक्रार केलीत. तुमच्यामुळे सगळे वाचले असते."

हेडमास्तरांनी नकळत टॉवेल नीट केला. "पण मग आधी सांगायचं."

"सांगितलं असतं, तर तो सराव झाला असता का?"

सासूबाईंनी मान वर करून जावयाकडे पाहिलं. या खेपेला नजर वेगळी होती. बाजारात आपल्याच तोलामोलाचं गिऱ्हाईक भेटलं, की दुकानदार बघतो तशी. त्या हसल्या नाहीत, पण खाली उतरताना पिशवी त्यांनी जावयाच्या हातात दिली, आणि आजवर ती फक्त थोरल्याच्या हातात जायची.

रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी झाडाचं एक बोट मोडून घेतलं. "चार दिवस सुकवून वाळूत खोचलं की लागतं," त्या म्हणाल्या. "थोरल्यांना नेऊन द्या. पाणी घालायचं नाही, एवढंच सांगा."

"एवढंच?"

"एवढंच."

पुढच्या वर्षी एका रविवारी नाकसाहेबांचा फोन वाजला. साडूंचा आवाज पार उतरला होता.

"तुमच्या नाकाची मदत हवीय हो. घरात काहीतरी मेलंय. कपाटं उपसली, माळा उपसला, सापडत नाही."

"अरेरे," साहेब म्हणाले. "आणि झाड कसं आहे?"

"फुललंय अखेर. अप्रतिम. बैठकीत मधोमध ठेवलंय. वारा लागू नये म्हणून खिडक्याही लावून घेतल्यात. ते सोडा, वासाचं काय करू?"

साहेबांनी पाय पसरले. समोर सासूबाई बसल्या होत्या, त्यांनी हातातलं विणकाम थांबवलं आणि कान टवकारले.

"आधी फ्रिज हलवा," साहेब म्हणाले.