वाराची किल्ली
रंगराव सामानाची यादीसुद्धा वाण्याला सांकेतिक लिपीत देतात. वाणी ती उलटीसुलटी करून पाहतो आणि त्यांच्या सुनेला फोन लावतो. यादी तिनंच सांगितलेली असल्यामुळे घरात तूरडाळ येते. "बघितलंसा न्हवं, सर? कुणाला पत्ता न्हाय," असं रंगराव मला हळूच सांगतात.

आमचे हे शेजारी कागलच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नटबोल्टांपलीकडे कसलं गुपित त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी हेरगिरीचा इतिहास वाचला आणि ते एखाद्या दरबाराचे मुख्य हेर असल्यासारखे गल्लीतून चालू लागले. पूर्वी दूताचं डोकं भादरून त्यावर निरोप लिहीत आणि केस वाढले की त्याला धाडत, हे त्यांनीच मला सांगितलं. मी त्यांच्या टकलाकडे पाहिलं.

"आपल्याला वहीच बरी," ते म्हणाले.

त्या वहीची किल्ली त्यांनी मला उपकार केल्यासारखी सांगितली. सोमवारी 'क'च्या जागी 'ख', मंगळवारी 'ग', असं अक्षर वाराप्रमाणे पुढं सरकवायचं. वार मात्र पानावर लिहायचा नाही. तो वैऱ्याला कळला की संपलं. वैरी कोण, असं मी विचारलं. त्यांनी आधी दाराला कडी घातली.

"घरातलीच की."

मला हसू येत होतं, पण त्यांनी कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. पुढं पुढं तर जिन्यात पाऊल वाजलं तरी वही बनियनमध्ये जायची.

गेल्या आठवड्यात सकाळीच ते वही छातीशी धरून आले. घामानं चिंब. एक पान पुढं करून म्हणाले, "हे कुठल्या वारी लिवलंय, सर? मला वाचाय येईना झालंय."

मुलाला बोलावू का, असं मी विचारलं, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "नगं. मी इसरतोय म्हणून कळलं तर घराभायेर सोडायचा न्हाय मला."

मी एकेक वार लावत गेलो. गुरुवार लावल्यावर पान उलगडलं. मी हळू आवाजात वाचलं: "दार उघडती ती सून. नाव सुनंदा. परत नाव विचारू नये. मागच्या वेळी रडली."

त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग नाव घोकत ते आपल्या दाराशी गेले. बेलवर बोट ठेवलं आणि घाबऱ्या डोळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी आवाज न करता ओठ हलवले: सुनंदा.