संडासाच्या कडीची आवृत्ती ‘ड’

भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंगशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही असा नियम होता, आणि तो नंदकिशोर पेंडसे यांनी केला होता. त्याला कारणही होतं. एकदा जुन्याच ड्रॉइंगवरून टेम्पोभर ब्रॅकेट निघाले आणि सगळेच्या सगळे डाव्या बाजूचे. तेव्हापासून कंपनीत आवृत्तीखातं सुरू झालं. त्याचे प्रमुख नंदकिशोर आणि हाताखालचे कर्मचारीही नंदकिशोरच. त्यांच्या टेबलावर दोन शिक्के असत, ‘लागू’ आणि ‘रद्द’. नवी आवृत्ती लागू होईपर्यंत रद्द वस्तूला कोणी बोट लावायचं नाही, हे त्यांनी भिंतीभिंतीवर डकवलं होतं. कॅन्टीनच्या गाळण्याचंसुद्धा ड्रॉइंग होतं आणि गाळणं तिसऱ्या आवृत्तीत पोचलं होतं. चहा मात्र पहिल्याच आवृत्तीचा राहिला.

पुरुष कर्मचाऱ्यांच्या संडासाच्या आतल्या कडीलाही हाच न्याय होता. आवृत्ती ‘अ’ लांब निघाली, चौकटीला अडे, दारच लागत नसे. ‘ब’ आखूड निघाली. दार लागे, पण कडी भोकापर्यंत पोचत नसे, त्यामुळे आतल्याला मोठ्यानं गाणं म्हणत बसावं लागे. ‘क’ची लांबी अगदी बेतशीर होती, फक्त ती जरा जाड झाली, आणि चौकटीचं भोक वेगळ्या ड्रॉइंगवर असल्यामुळे तेवढंच राहिलं. तक्रार आली तशी नंदकिशोरांनी सकाळीच ‘क’वर ‘रद्द’ मारला आणि ‘ड’ उद्यावर टाकली.

उद्यावर टाकायलाही कारण होतं. आठ वर्षांपूर्वी नोंदवलेल्या स्कूटरचा नंबर त्या दिवशी लागला होता. सहाच्या आत शोरूममध्ये हजर राहून ताब्यात घेतली तर आपली, नाहीतर पुढच्या नंबराची. शैलाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, हार-नारळ घेऊन गेटवर येणार होत्या. नंदकिशोरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. निघण्यापूर्वी ते जरा जाऊन यावं म्हणून आत गेले. माणूस लाजाळू, कडी लावल्याशिवाय त्यांना जमत नसे. रद्द कडी त्यांनी जोर लावून भोकात घातली. ती गेली. परत यायला मात्र तयार होईना.

“कोण आहे रे बाहेर?”

बाहेर कुरुळीचा ज्ञानदेव फिटर होता. “म्या हाय साहेब.”

“पहार आण आणि दार उचकट!”

“न्हाई जमायचं साहेब. कडी रद्द हाय. सकाळीच शिक्का मारलाय न्हवं तुमी?”

“मी सांगतोय ना!”

“तोंडी हुकूम चालत न्हाई, ह्ये बी भिंतीवर हाय. मागं गाळण्याची जाळी ठोकून सरळ केली, तर तुमी माझी अर्ध्या दिवसाची हजेरी कापली.”

नंदकिशोरांना राग आला. पण ज्ञानदेव नियमाला धरून बोलत होता, आणि नियम फार चांगला लिहिलेला होता.

वर्क्स मॅनेजर अनंतराव आले. म्हणाले, “पेंडसे, घाबरू नका. पद्धतशीर जाऊ. तुम्ही आतूनच ‘ड’ काढा.”

“आतून कसं काढू? ड्रॉइंग फक्त ड्रॉइंग ऑफिसातच काढायचं असतं.”

अनंतराव हुशार होते. त्यांनी कारखान्याच्या नकाशाची नवी आवृत्ती काढली आणि संडास तात्पुरता ड्रॉइंग ऑफिसला जोडला. नकाशाला शिक्का लागत नसे, सही पुरे; तो दाराखालून आत गेला, नंदकिशोरांची सही होऊन परत आला. पाठोपाठ कागद-पेन्सिल आत गेली. आता संडास अधिकृतपणे ड्रॉइंग ऑफिस झाला. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. हत्यार घेऊन ड्रॉइंग ऑफिसात शिरायला मनाई असल्यानं ज्ञानदेवाला दोन पावलं मागं सरकावं लागलं, आणि कारखान्यातल्या पुरुषांना संडासच उरला नाही. बाहेर माणसं पोट धरून उभी राहिली. कोणी दार वाजवलं की अनंतराव दटावत, “हळू! आत काम चाललंय.”

एवढ्यात शिफ्ट सुटली. वॉचमनला न जुमानता शैलाताई नारळासकट आत आल्या.

“अहो, बाहेर या! रिक्षा थांबवून ठेवलीय!”

“आलोच. फक्त आवृत्ती निघायचीय.”

“कसली आवृत्ती? दार जरा उचला, डावीकडे रेटा आणि कडी ओढा. आपल्या न्हाणीघराचं उघडतो तसं!”

आतून दार उचलल्याची कुरकुर ऐकू आली. मग खडखड आवाज आला आणि नंदकिशोर आनंदानं ओरडले, “सुटतेय! शैला, सुटतेय!”

“मग या ना बाहेर!”

“असं कसं येऊ? अजून लागू कुठं झालीय?”

आणि त्यांनी कडी पुन्हा होती तशी घातली.

आवृत्ती ‘ड’ मग झरझर तयार झाली. तीत एकही भाग बदलला नव्हता, फक्त कोपऱ्यात एक टीप होती. दार किंचित उचलून, डावीकडे रेटून, कडी ओढावी. आता ‘लागू’ शिक्का हवा होता, आणि तो नंदकिशोरांनीच मारायचा असे. त्याची मूठ दाराखालून जाईना. ज्ञानदेवानं तो झाडूला बांधून वरच्या झरोक्यातून आत सोडला, तर नेमका बादलीत पडला. शिक्का वाळेपर्यंत नंदकिशोर फुंकर घालत बसले आणि शैलाताई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. अखेर शिक्का उमटला, दार उचललं गेलं आणि नंदकिशोर बाहेर आले. टाळ्या फार वाजल्या नाहीत, कारण सगळे त्यांना ढकलून आत धावले.

शोरूमचं शटर खाली आलं होतं. स्कूटर पुढच्या नंबराची झाली होती. शैलाताईंनी हार रिक्षावाल्याच्या गळ्यात घातला. “आठ वर्षं, अहो, आठ वर्षं!” एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. नंदकिशोरांनाही रडू येत होतं, पण चारचौघांत रडण्याबद्दल काहीच लिहून ठेवलेलं नसल्यानं त्यांनी ते आवरलं.

रविवारी अनंतराव समाचाराला आले आणि हातपाय धुवायला न्हाणीघराकडे वळले. नवरा-बायको एका सुरात ओरडले, “दार जरा उचलून, डावीकडे रेटून हं!”

तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. पण परवा तुमच्याकडे पाहुणा आला होता, आणि त्याच्या मागोमाग न्हाणीघराच्या दारापर्यंत जाऊन तुम्ही त्याला काय सांगितलंत, ते जरा आठवून बघा. कडी बदलायला चार आणे लागतात. नंदकिशोरांनी निदान शिक्का तरी मारला होता.